क्लॅनच्या व्हॉइस चॅटमधल्या शिव्या : नियम करायचा तर नेमका कशावर, आणि पाळून घ्यायचा कोणी?

चिंचवडचा_आयजीएल :

मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचून उत्तर द्या, माझ्यासाठी विषय महत्त्वाचा आहे. आमचा मराठी पोरांचा एक क्लॅन, म्हणजे कायमची टीम, आहे, मोबाइलवरची बॅटल रॉयल (शेवटी टिकेल तो जिंकतो) खेळतो, रात्री स्क्रिम्स (दुसऱ्या टीमशी सरावाच्या मॅच), शनिवार-रविवारी कस्टम रूम (आपणच लावलेल्या मॅच), बोलणं सगळं डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर. पोरं पिंपरी, सातारा, जळगाव, नांदेड अशी सगळीकडची, दोघं मडगावची, वयं तेरापासून तिशीपर्यंत. ॲडमिन मी आहे.

आमचा मेन असॉल्टर (पुढे घुसून लढणारा) खेळायला एक नंबर, पण नॉक झाला (गोळी लागून आडवा पडला) की त्याचं तोंड सुटतं. आता मॅच हातातून गेली की ओरडतात सगळेच, नेटला, झोनला (आकसत जाणाऱ्या सुरक्षित जागेला), स्वतःच्या नशिबाला शिव्या घालतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. हा मात्र माणूस धरतो. स्मोक (लपायचा धूर) उशिरा पडला, रिव्हाइव्हला (पडलेल्याला उठवायला) कोणी आलं नाही की त्या पोराची आई, बहीण, गाव, जात सगळं काढतो आणि मॅच संपली तरी थांबत नाही. मागच्या आठवड्यात मी कामावर असताना एका नवीन आलेल्या मुलीला तो जे बोलला ते मला इथे टाइप करवत नाही. व्हीसीत (व्हॉइस चॅटमध्ये) तेव्हा सात-आठ जण होते, एकानेही 'बस कर' म्हटलं नाही. तिने मला डीएम (खासगी मेसेज) केला की दादा सगळ्यांना थँक्यू सांगा, मी आता नाही खेळणार, आणि सर्व्हर (आमचा डिस्कॉर्डवरचा ग्रुप) सोडला.

त्याला विचारलं तर म्हणतो गेमचं गेममध्ये राहतं दादा, मनावर कशाला घ्यायचं. क्लॅनमध्ये आता दोन गट पडलेत, एक म्हणतो बॉट लावून सगळ्याच शिव्या बंद करा, दुसरा म्हणतो मग इथे राहील कोण, पोरं व्हॉट्सॲप कॉल लावून खेळतील. त्याला नुसतं हाकलून मला थांबायचं नाहीये कारण उद्या दुसरा कोणीतरी तेच करणार. नियम करायचा तर शब्दावर करायचा की वागण्यावर, आणि जो बोलला त्याला ते निस्तरायला कसं लावायचं, हे ज्यांनी क्लॅन किंवा टूर्नामेंट चालवल्यात त्यांनी प्लीज सांगा.

रत्नागिरीची_स्नायपर :

दादा, 'गेमचं गेममध्ये राहतं' हे नेहमी शिवी देणाराच म्हणतो, शिवी खाणाऱ्याच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलं नाही.

मुलींचं काय होतं ते सांगते, तुमच्या पोरांना कदाचित माहीतच नसेल. रँडम लॉबीत (अनोळखी लोकांबरोबरच्या मॅचमध्ये) आम्ही माईक बंद ठेवतो, आयडी मुलाच्या नावाचा घेतो, ओळखीचं कोणी असेल तरच बोलतो. पण माईक बंद म्हणजे अर्धा गेम बंद, पावलं कुठून येतायत, समोरचा कोण नॉक आहे, गाडी कुठे थांबली हे सगळं बोलूनच कळतं. मग तेच लोक म्हणणार ही कॉल देत नाही, हिला स्क्वॉडमध्ये घेतलंच कशाला. आणि 'म्यूट कर ना त्याला' हा सल्ला कृपया कोणी देऊ नका, त्याला म्यूट केलं की त्याचे कॉलही गेले, म्हणजे तोंड त्याचं सुटलं आणि नुकसान तिचं झालं.

मला तर त्या असॉल्टरपेक्षा ते सात-आठ जण जास्त खुपले. मनातून ते त्याच्या बाजूने नसतीलही, पण तिला काय कळलं, की इथे सगळ्यांना हे चालतं. आमच्या स्क्वॉडमध्ये असं ठरलंय की त्या मॅचला जो आयजीएल (मॅचमध्ये निर्णय घेणारा कॅप्टन) असेल त्याने त्याच क्षणी बोलायचं, 'कॉल दे, माणूस सोड', एवढंच, भाषण द्यायचं नाही आणि मॅचही थांबवायची नाही. परत झालं तर पुढची मॅच तो बाहेर बसतो, कितीही चांगला फ्रॅगर (समोरच्यांना मारणारा) असो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून काही होत नाही हो, तिथल्या तिथे कोणाचा तरी आवाज यावा लागतो.

माणदेशी_रशर :

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. शिवी पूर्ण बंद करायला जाल तर क्लॅन मोडेल हे मी लिहून देतो. माणसाला मोकळं व्हायला जागा लागते आणि आपल्या लोकांनी ती पूर्वीपासून ठेवलीये, शिमग्याचं सोडाच, सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात, बोरीचा बार म्हणतात त्याला, लांबून लांबून लोक बघायला येतात. त्यावरून कोणी गाव सोडून जात नाही.

जातीवरून बोलणारा आणि पोरींना घाण बोलणारा सरळ काढा, त्यात माझं काही दुमत नाही. पण शेवटच्या झोनमध्ये एकटा उरलेला पोरगा हरल्यावर एक शब्द ओरडला म्हणून त्याला वॉर्निंग द्यायला लागलात तर दोन दिवसांनी व्हीसीत शुकशुकाट होईल. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नका एवढंच म्हणणं आहे.

रत्नागिरीची_स्नायपर :

@माणदेशी_रशर बोरीच्या बाराला दोन्ही बाजू स्वतःहून काठावर येतात, वर्षातून एकदाच, आणि कोण काय बोलतंय ते अख्ख्या गावाला दिसत असतं. त्या मुलीला कोणी विचारलं होतं का की तुला काठावर उभं राहायचंय का? बाकी ओरडण्याबद्दल तुमचं पटतं, हरल्यावर मी पण ओरडते, पण कोणाच्या आईला मध्ये आणत नाही.

मॉडरेशनवाला :

काही वर्षं मी गेमिंगमधल्या रिपोर्ट तपासायच्या कामात होतो, कुठल्या कंपनीत ते सांगत नाही, पण जे जगजाहीर आहे त्यातलंच बोलतो.

बॉटचं आधी सांगतो कारण त्यावर लोकांचा फार भरवसा असतो. डिस्कॉर्डचं ऑटोमॉड, म्हणजे नको ते शब्द आपोआप अडवणारं फिल्टर, लिहिलेल्या मेसेजवर चालतं, व्हॉइसवर नाही, आणि तुमचा सगळा त्रास व्हॉइसमध्ये आहे. लिहिलेल्यातही आपली पोरं मराठी टाइप करतात इंग्रजी अक्षरांत, एकच शिवी पाच स्पेलिंगांनी, मध्येच आकडा, मध्येच टिंब, यादी कधीच पुरत नाही. यादी कडक केली की भलतेच अडकतात, १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना कारण गावाच्या नावात मधोमध एक इंग्रजी शिवी येते आणि फिल्टर तेवढंच बघायचा. आज फिल्टर सुधारलेत पण शब्द कोणाला उद्देशून आलाय हे त्यांना अजूनही नीट कळत नाही, आणि आपला सगळा प्रश्न तर तोच आहे.

आता माणसांचं. लीग ऑफ लेजेंड्सवाल्या रायट गेम्सने यावर जेवढे प्रयोग करून ते उघडपणे मांडले तेवढे फार कमी कंपन्यांनी केलेत. २०११ मध्ये त्यांनी ट्रिब्युनल काढलं होतं, रिपोर्ट झालेल्या केसचे चॅट लॉग खेळाडूंनीच वाचायचे आणि शिक्षा की माफी ते मत द्यायचं. २०१४ मध्ये ते थांबवलं, निकालाला वेळ फार लागायचा. पण त्या काळात त्यांच्या जेफ्री लिनच्या टीमला दोन-तीन गोष्टी कळल्या त्या तुमच्या कामाच्या आहेत. सतत घाण बोलणारे खेळाडू साधारण १ टक्काच होते, आणि एकूण घाण चॅटमधला बहुतेक वाटा त्यांचा नव्हताच, एरवी नीट वागणाऱ्या पण त्या दिवशी डोकं फिरलेल्या लोकांचा होता. म्हणजे एकाला हाकलून प्रश्न मिटत नाही हे तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. मग त्यांनी समोरच्या टीमशी होणारं चॅट आधीपासून बंद ठेवलं, ज्याला पाहिजे त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. चॅट वापरणं जवळपास तेवढंच राहिलं आणि घाण बोलणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं. नुसता एक खटका मध्ये ठेवला तर एवढा फरक पडला.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याबद्दल मी जिथे तिथे भांडतो. बॅन झालेल्याला कारण सांगितलं, त्याचंच चॅट त्याला दाखवलं, की पुढे सुधारणाऱ्यांचं प्रमाण वाढायचं, आणि तेच मॅच संपल्यावर काही मिनिटांत केलं की आणखी वाढायचं. कारण न सांगता ठोकलेल्या बॅनने माणूस सुधारत नाही, तो आपल्यावर अन्याय झाला म्हणून गावभर सांगत फिरतो. बहुतेक ठिकाणी रिपोर्ट करणाऱ्याला 'धन्यवाद, आम्ही तपासू' येतं आणि ज्याचा रिपोर्ट झाला त्याला सात दिवसांनी नुसती पाटी दिसते. रिपोर्ट करणाऱ्याला शेवटी काय झालं तेही कळत नाही, मग पुढच्या वेळी तो रिपोर्टच करत नाही.

मोठ्या गेम आता व्हॉइसमध्येही उतरल्यात, व्हॅलोरंटने २०२१ मध्ये आपल्या अटी बदलून व्हॉइस रेकॉर्ड करायची मुभा घेतली, कॉल ऑफ ड्यूटीने २०२३ मध्ये ऐकणारं एआय आणलं, दोन्हीची सुरुवात इंग्रजीपासून. एक्सबॉक्सवर २०२३ पासून स्ट्राइक (चुकीची नोंद) मोजतात, आठ झाले की एक वर्ष बाहेर, आणि कुठल्या चुकीला किती स्ट्राइक ते आधीच लिहून ठेवलंय. पण हे सगळं गेमच्या आतल्या चॅटचं. तुम्ही बोलता डिस्कॉर्डवर, आणि सप्टेंबर २०२४ पासून डिस्कॉर्ड व्हॉइस कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करत आलंय, म्हणजे तिथे काय बोललं गेलं ते खुद्द कंपनीलाही ऐकता येऊ नये अशी रचना आहे. वरून कोणी येऊन न्याय करेल ही आशा सोडा. तिथे जबाबदारी ॲडमिनची आणि त्या क्षणी व्हीसीत असलेल्यांची.

प्रवरासंगम :

वर गावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या नेवासा तालुक्यात सौंदाळा ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे आलं होतं. बरेच लोक दंडाच्या रकमेवरच बोलले, मला त्यातली मोठी गोष्ट वेगळी वाटते, ठराव ग्रामसभेत झाला. आणि नियम सगळ्या शिव्यांवर नाही केला, कशावर ते नेमकं ठरवलं, जी शिवी घरातल्या बाईच्या अब्रूवर जाते ती. 'नीट बोला' असा मोघम ठराव केला असता तर तो कोणी पाळला असता?

तुम्ही पण ॲडमिन म्हणून एकट्याने नियम लिहून पिन करू नका. सगळ्यांना एका व्हीसीत बोलवा, त्या असॉल्टरलासुद्धा, त्याच्यासमोर ठरू द्या. पैशाचा दंड मात्र क्लॅनमध्ये ठेवू नका, तेरा-चौदाची पोरं आहेत, घरून चोरून आणतील नाहीतर आईच्या फोनवरून पाठवतील.

ॲडव्होकेट_करवीर :

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण अशा चर्चेत '६६ए लावा' म्हणणारा कोणीतरी येतोच. ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजबद्दलचं आयटी ॲक्टमधलं ते कलम सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. आणि मार्च २०२४ मध्ये एका वेबसिरीजच्या केसमध्ये कोर्टाने हेही सांगितलं की नुसती शिवराळ भाषा म्हणजे आयटी ॲक्टच्या कलम ६७ मधली अश्लीलता होत नाही. त्यामुळे कोणी शिवी दिली एवढ्यावर पोलीस काही करतील असं धरून चालू नका.

पण बाकी बरंच काही गुन्हा आहे. बाईच्या विनयशीलतेचा अपमान होईल असं बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये येतं, धमकी कलम ३५१ मध्ये, गेम सोडून इन्स्टावर पाठलाग सुरू केला तर कलम ७८. जातीवरून अपमानाला ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि ऑनलाइन बोललं म्हणून त्यातून सुटका नाही, केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये एका यूट्यूबरला अटकपूर्व जामीन नाकारताना हेच म्हटलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ती मुलगी अठराच्या आतली आहे का? असेल आणि बोलणं लैंगिक असेल तर पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं) कलम ११ लागू शकतं, आणि पोक्सोमध्ये गुन्हा माहीत असणाऱ्या प्रत्येकावर तो कळवायची जबाबदारी असते, कलम १९, न कळवण्याला कलम २१ मध्ये शिक्षा आहे. ॲडमिन म्हणून हे तुम्हाला लागू होतं, आणि व्हीसीतल्या इतर मोठ्या माणसांनाही. 'तिची तक्रार नाहीये' हे उत्तर तिथे चालत नाही. तिच्या आईवडिलांशी बोला, एखाद्या वकिलाला सगळं नीट सांगून सल्ला घ्या, लहान मुलांसाठी १०९८ आहे, ऑनलाइन तक्रारीला सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, युजर आयडी आजच जपून ठेवा, युजरनेम बदलता येतं, आयडीचा नंबर तोच राहतो.

चिंचवडचा_आयजीएल :

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, ती कॉलेजात आहे असं तिने जॉइन होताना लिहिलं होतं, पण वय विचारलं नव्हतं, आज तिला विचारतो आणि तुम्ही सांगितलंत तसं करतो. असॉल्टर स्वतः बावीसचा आहे.

एक मुद्दा पोरांकडून आलाय, की सर्व्हरवर सगळ्यांनी खरं नाव आणि फोटो लावायचा, नाव दिसलं की तोंड आपोआप आवरेल. मला पण वरवर पटलं, तुम्हाला काय वाटतं? आणि शिक्षा किती दिवसांची असावी?

मॉडरेशनवाला :

खरं नाव अजिबात नको. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइटवर खऱ्या ओळखीची सक्ती केली होती, २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या पोर्टलवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक कोर्टाने ती सक्ती एकमताने रद्द केली. ब्लिझार्ड या गेम कंपनीने २०१० मध्ये आपल्या गेमच्या चर्चेत खरं नाव दाखवायचं जाहीर केलं, खेळाडू इतके भडकले की तीन दिवसांत मागे घ्यावं लागलं. खरं नाव दिसलं की शिवी देणारा लाजेल की नाही हे सांगता येत नाही, पण तुमच्या क्लॅनमधल्या मुलीचं इन्स्टा कोणीही शोधून काढेल हे नक्की. तुम्हाला लागतं ते एकच, की टोपणनाव टिकून राहावं. एकच आयडी, वारंवार बदलायचा नाही, आणि मागे काय झालं त्याची नोंद ॲडमिनकडे. माणूस परत नव्या आयडीने आला तर ओळखीच्या कोणीतरी त्याची हमी घ्यायची.

रत्नागिरीची_स्नायपर :

खऱ्या नावाला माझाही कडक विरोध, तसं केलंत तर उरलेल्या मुली पण जातील.

आणि त्या मुलीबद्दल, तिला सगळ्यांसमोर बोलवून 'सांग काय झालं' असं करू नका, समोरासमोर बसवून सॉरी पण वदवून घेऊ नका, असल्या सॉरीचं ओझं तिच्यावरच येतं, माफ नाही केलं तर तीच वाईट. तुम्ही ठरवा, अमलात आणा, आणि मग काय केलं ते तिला डीएमवर कळवा. परत ये म्हणून आग्रह नको. त्याला माफी मागायचीच असेल तर लिहून तुमच्याकडे देऊ दे, तिला वाचायची इच्छा असेल तरच पुढे पाठवा.

मॉडरेशनवाला :

हे आधी करा, अगदी असंच.

शिक्षेच्या दिवसांचं विचारलंत ना, पहिल्यांदा छोटी पण लगेच. डिस्कॉर्डवर टाइमआउट साठ सेकंदांपासून एक आठवड्यापर्यंत आहे, तेवढा वेळ ना लिहिता येत ना व्हॉइसमध्ये बोलता येत. माणसावर गेलेल्या शिवीला लगेच एक तास, त्याच महिन्यात परत झालं की आठवडा आणि त्या आठवड्याच्या स्क्रिम्समधून बाहेर, तिसऱ्यांदा क्लॅनमधून बाहेर. जातीवरून किंवा लैंगिक बोललं तर तासा-आठवड्याचा प्रश्नच नाही, पहिल्याच वेळी बाहेर, आणि ताईंनी सांगितलेलं वेगळं करायचंच. तुमचा असॉल्टर या दुसऱ्या खात्यात बसतो, बाकीचे नियम त्याच्यानंतर कोणी करेल त्यासाठी. टाइमआउट देताना कारणाचा रकाना येतो तिथे 'गैरवर्तन' असं लिहू नका, तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहा आणि तेच त्याला पाठवा. आणि हा अधिकार एकट्याकडे ठेवू नका, तुम्ही कामावर असाल तेव्हा कोण टाइमआउट देणार त्या दोघांची नावं आधीच ठरवून ठेवा, त्यातली एक मुलगी असली तर बरं, आणि त्या दोघांनी तुम्हाला दिला तर तोही चालला पाहिजे.